क्लच बदलताना पायलटला बुश टाकावं की रोलर बेअरिंग?

घोडबंदरी
नमस्कार मंडळी. वडिलांची जुनी डिझेल जीप आहे, एमएच-०४, वय माझ्या धाकट्या भावाएवढं. गेल्या महिन्यापासून माजिवड्याच्या सिग्नलला पहिला गिअर पडेना. रिव्हर्स पडायचा, पण अख्खी सोसायटी खिडकीत येईल एवढा आवाज करून. शेवटी वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या गॅरेजात टाकली. गिअरबॉक्स उतरवला तर क्लचप्लेटचे रिव्हेट फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मागच्या जड चाकाला) लागलेले. म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग (क्लच दाबला की प्रेशर प्लेटला ढकलतं ते) सगळं नवीन. इथपर्यंत वाद नाही.

वाद आहे तो क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या तोंडात बसणाऱ्या बारक्या वस्तूवरून. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक जिच्यात जाऊन टेकतं, ती. तिलाच पायलट म्हणतात. आमच्या गाडीत तिथे बुश (धातूची साधी नळी) दिसलं, पार झिजलेलं. मिस्त्री म्हणतो, “बुशचा जमाना गेला साहेब, रोलर टाकतो, मख्खन चालेल.” मामा (३४ वर्षं कारखान्यात काढलीत) म्हणतो, “रोलर टाकलास तर मला गाडीत बसायला बोलावू नकोस.” त्यात गिअरबॉक्स मूळचा नाही, वडिलांनी १५ एक वर्षांपूर्वी दुसऱ्या मॉडेलचा पाच गिअरचा बसवून घेतला होता. त्यामुळे कंपनीचं पुस्तक उघडून बघायचीही सोय नाही.

रोलर ३८० ला मिळतोय, बुश लेथवर करून घ्यायला ६०० सांगितलेत. प्रश्न पैशाचा नाही. गणपतीला चिपळूणला जायचंय आणि पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची माझ्यात ताकद नाही. काय टाकू?

उगाच_एक
तुमच्या जीपला पायलट आहे? आमच्या गाडीला धड ड्रायव्हर मिळत नाही.

तुर्भे_स्टोअर
रोलर. पुढचा प्रश्न.

निवृत्त_फोरमन
तुर्भे, एवढी घाई बरी नाही.

घोडबंदरी, आधी ती वस्तू काम कधी करते ते समजून घ्या. क्लचवर पाय नसतो तेव्हा फ्लायव्हील, प्लेट आणि इनपुट शाफ्ट तिघं एकाच वेगाने फिरतात. बुशच्या आत शाफ्टचं टोक आहे, पण दोघं बरोबरच फिरतायत, मग घासणार काय? तुम्ही घोडबंदरहून खोपोलीपर्यंत ८० ने गेलात तरी बुशला पत्ता नाही. क्लच दाबला की शाफ्ट मंदावतो, गिअरमध्ये उभे असाल तर पूर्ण थांबतो, आणि क्रँक मात्र फिरत राहतो. घर्षण काय ते तेवढ्याच वेळात. म्हणून इतकी वर्षं इतक्या गाड्या साध्या बुशवर निभावल्या. ती कंजुषी नव्हती, कामच तेवढं होतं.

दुसरी गोष्ट. बुश मऊ, शाफ्ट कडक. झिजायचं तर बुशने झिजायचं, असा तो करार आहे. तुमचा मिस्त्री ज्याला रोलर म्हणतोय ते सुयांचं बेअरिंग असणार. त्याला आतली कडी नसते, सुया थेट शाफ्टच्या टोकावर फिरतात. म्हणजे तुमचं टोक हीच त्या बेअरिंगची आतली रेस. ग्रीस सुकलं, प्लेटची धूळ आत गेली की सुया अडकतात आणि टोक खायला लागतात. बुश गेलं तर बुश बदला. सुया गेल्या तर शाफ्ट बदला, म्हणजे गिअरबॉक्स खोला.

मामांना माझा नमस्कार सांगा.

कळंबोली_टेम्पो
फोरमनकाका, बोलताय ते खरं, पण जरा रस्त्यावर या. सायन-पनवेलला संध्याकाळी सातला क्लचवर पाय नसतो असा क्षण दाखवा. वाशी ते तुर्भे क्लच दाबलेलाच. माझे तीन टेम्पो आहेत. एकाला बुश होतं, ते कोरडं पडून शाफ्टला चिकटलं. क्लच दाबला तरी शाफ्ट क्रँकबरोबर फिरतच राहायचा, गिअर पडायचाच नाही. पोरगं घाबरून इंजिन बंद करून पहिला टाकायचं आणि गिअरमध्येच स्टार्टर मारायचं. रोलर टाकला, चार वर्षं झाली, तक्रार नाही.

आणि बुशचा जमाना म्हणाल, तर मोठ्या ट्रकांत पायलटला बुश कुठे असतं? सीलबंद बॉल बेअरिंग असतं.

निवृत्त_फोरमन
टेम्पोभाऊ, सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढायची सवय लावा पोराला. बुशही वाचेल, रिलीज बेअरिंगही वाचेल, पोराचा गुडघाही.

बॉल बेअरिंगचा मुद्दा मात्र मान्य. त्याला स्वतःची आतली कडी असते, शाफ्टचं टोक त्या कडीत बसतं, सुयांसारखा थेट मार टोकाला नाही. पण त्याला जागा लागते. १५ मिलिमीटरच्या टोकाला ६२०२ नंबरचं बेअरिंग घ्याल तर बाहेरून ३५ मिलिमीटर. सुयांचं एचके १५१२ त्याच टोकाला बाहेरून २१ मध्ये बसतं. क्रँकला भोक किती आहे त्यावर सगळं. भोक मोठं करायला क्रँक लेथवर चढवू नका म्हणजे झालं.

नेरूळकरीण
@घोडबंदरी, तीन आकडे द्या, मग बोलू. क्रँकच्या भोकाचा व्यास. शाफ्टच्या टोकाचा व्यास, मायक्रोमीटरने, दोन-तीन ठिकाणी, टोक फिरवून. आणि जुन्या बुशचा आतला व्यास, तोंडाशी आणि तळाशी वेगवेगळा. व्हर्नियरने नको, तिथे मिलिमीटरचा शंभरावा भाग महत्त्वाचा आहे.

बुश चांगलं की रोलर, हा प्रश्नच मला अर्धा वाटतो. टोक कसं आहे ते आधी बघावं लागतं. सुयांना टोक कडक लागतं, साधारण ५८ एचआरसीच्या (धातूचा कडकपणा मोजायचं माप) वर, ग्राइंड केलेलं आणि आरशासारखं. बुशसाठी मुळात बनलेलं टोक तितकं कडक असेलच असं नाही. त्यावर सुया टाकल्या की काही महिन्यांत नांगरलेल्या शेतासारख्या रेषा. मी बेअरिंगच्या कामात आहे, हे टोक पाहून पाहून डोळे दुखलेत.

दिवा_शटल
थोडं अवांतर विचारू का? मागच्या आठवड्यात माझ्या हॅचबॅकचा क्लच बदलला. बिलात पायलट बेअरिंग नाहीच. मला फसवलं का?

नेरूळकरीण
बहुतेक नाही. इंजिन आडवं असलेल्या, पुढची चाकं ओढणाऱ्या बऱ्याच गाड्यांत पायलट नसतंच. इनपुट शाफ्ट आखूड असतो आणि गिअरबॉक्सच्या आतच दोन बेअरिंगवर धरलेला असतो. क्रँकचा आधार लागत नाही. काही गाड्यांत असतं. पार्टच्या कॅटलॉगमध्ये बघा, बिलात नको.

दिवा_शटल
धन्यवाद ताई. आज शांत झोप लागेल. बिल बघून झोप उडाली होती ती वेगळ्या कारणाने.

रबाळे_लेथ
उशिरा आलो, शिफ्ट होती. इथे सगळे “बुश बुश” करताय, पण कोणतं बुश ते कुणी विचारलं नाही. घोडबंदरींना ६०० सांगितलेत ते नक्की कशाचे?

माझ्याकडे रोज माणसं येतात, “गनमेटलचं बुश टर्न करून द्या.” देतो मी. गनमेटल भरीव असतं, ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं पाच-पाच. फॉस्फर ब्राँझही भरीव. दोन्ही चांगले धातू, पण दोघांना बाहेरून तेल लागतं. आता सांगा, क्रँकच्या मागच्या आंधळ्या भोकात तेल घालायला कोण जाणार? ग्रीस थापाल तर गरम होऊन उडून क्लचप्लेटवर जाईल आणि मग क्लच घसरतो म्हणून रडाल. टेम्पोभाऊंचं चिकटलेलं बुश असलंच भरीव असणार, पैज लावतो.

पायलटला खरं बुश म्हणजे सिंटर ब्राँझचं. तांब्याची आणि कथिलाची पावडर दाबून, भाजून बनवतात. आतून स्पंजासारखं छिद्राछिद्रांचं असतं आणि त्या छिद्रांत तेल भरलेलं, आकारमानाच्या साधारण पाचव्या भागाएवढं. फिरून गरम झालं की तेल बाहेर येतं, थंड झालं की परत आत शोषून घेतं. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९३० च्या आसपास हे बाजारात आणलं, आजही तेच चालतं. शंभर वर्षं व्हायला आली आणि आपला मिस्त्री म्हणतो जमाना गेला.

दोन पथ्यं. एक, याला ग्रीस लावायचं नाही, छिद्रं बुजतात. दोन, आतून रीमर किंवा होनिंग करायचं नाही, त्यानेही छिद्रं लिंपली जातात.

उगाच_एक
तेल पिऊन बसलेलं बुश आणि तेल न पिता बसलेला मिस्त्री. जोडी जमली.

खारेगाव_पूल
लेथवालेभाऊ, दुकानात मिळतं ते सिंटरचंच आहे हे ओळखायचं कसं? पिवळं दिसलं की ब्राँझ असं दुकानदार म्हणतो.

रबाळे_लेथ
खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर त्यात लोखंड आहे, वरून पिवळं दिसलं तरी. लोखंडी सिंटरही काही ठिकाणी चालतं, पण ते टोकाला ब्राँझपेक्षा जास्त खातं, मी पायलटला टाकत नाही.

सिंटर की भरीव ते बघायचं तर बुशचं एक तोंड अंगठ्याने बंद करा, आत इंजिन ऑइल भरा आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्या बोटाने जोर लावून दाबा. सिंटर असेल तर बाहेरच्या अंगावर तेलाचे थेंब घामासारखे येतात. भरीव असेल तर दुकानदाराच्या काउंटरवर तेल सांडेल, मग पळा.

नौपाडा_आजोबा
मला एक कळत नाही, जुनं बुश भोकातून काढणार कसं? मागून धरायला जागा नाही. आमच्या वेळी पाव घालायचो.

तुर्भे_स्टोअर
पाव??

नौपाडा_आजोबा
हो, लादीपाव. बुशच्या भोकात पाण्यात भिजवलेला पाव ठासायचा. भोकात बरोब्बर बसेल अशी दांडी घ्यायची, ढिली चालत नाही. दांडीवर हातोडा. पाव दबतो, त्याला जायला वाट नाही, तो बुशच्या मागे जाऊन साचतो आणि बुशला मागून ढकलतो. पुन्हा पाव, पुन्हा हातोडा. चार-पाच फेऱ्यांत बुश बाहेर डोकावतं. कुणी ग्रीस भरतात, पण ग्रीस पिचकारीसारखं तोंडावर येतं. ओला वर्तमानपत्राचा लगदाही चालतो, पण पावाची मजा वेगळी.

उगाच_एक
पाव गरम असावा का गार? चटणीसकट?

रबाळे_लेथ
आजोबांची युक्ती खरी आहे, भरीव बुशला हमखास. सुयांच्या बेअरिंगला मात्र जमत नाही, पाव-ग्रीस सगळं सुयांच्या फटीतून निघून जातं, जोर धरत नाही. तिथे आतून पकडणारा पुलरच हवा. म्हणजे रोलर टाकताना मख्खन आणि काढताना बोंब. आणि डोळ्यांवर गॉगल लावा, हसू नका.

ठाणे_आरटीओ_नाही
गिअरबॉक्स दुसऱ्या मॉडेलचा म्हणालात. आरसीवर नोंद आहे का? १५ वर्षं झालेल्या गाडीचं पुन्हा रजिस्ट्रेशन, पर्यावरण कर, सगळं भरलंय का? उगीच विचारतोय.

घोडबंदरी
सगळं भरलंय, पावत्या फ्रेम करून लावल्यात. धागा भरकटवू नका हो.

नेरूळकरीणताई, आकडे आणलेत. मिस्त्रीकडे मायक्रोमीटर नव्हता, मामा स्वतःचा पिशवीत घालून रिक्षाने गॅरेजात आला. ३४ वर्षं कपाटात जपलेला, डबीत मखमल. मिस्त्री त्यानंतर मामाला “सर” म्हणायला लागलाय.

सगळे मिलिमीटरमध्ये. क्रँकचं भोक २१.०० च्या आसपास. टोक मुळाशी १४.९९, पण जिथे बुश बसतं त्या पट्ट्यात १४.८६. नखाला लागतील अशा बारीक रेषा आहेत. जुनं बुश तळाशी १५.१, तोंडाशी १५.४. मामा म्हणाला, “भोंगा झालाय.”

नेरूळकरीण
मग रोलरचा विषय संपला. सुया १४.८६ वर रेषांमधून फिरायला लागल्या तर पहिल्या दिवसापासून ढिल्या. एचके १५१२ तुमच्या भोकात बसेल, म्हणूनच तुमच्या मिस्त्रीला मोह झाला. पण बाहेरून बसलं म्हणजे आतून बसलं असं होत नाही.

कळंबोली_टेम्पो
मान्य. १४.८६ ला मीही रोलर टाकणार नाही. पण टोक चांगलं असतं तर टाकला असता, हे लिहून ठेवा.

निवृत्त_फोरमन
लिहून ठेवलं. आता माझं लक्ष भोंग्यावर आहे. बुश तोंडाशी जास्त आणि तळाशी कमी झिजतं तेव्हा शाफ्ट आत सरळ जात नाहीये, तिरका जातोय. नुसतं वय झालं असतं तर सारखं झिजलं असतं. दुसरा गिअरबॉक्स बसवला तेव्हा मधे अडॅप्टर प्लेट (जोडायची प्लेट) घातली असणार. बेल हाऊसिंग (क्लचभोवतीचं कवच) इंजिनाच्या पाठीवर ज्या दोन डॉवेल पिनांवर बसतं, त्या पिना आहेत का बघा. बोल्ट फक्त आवळतात, जागेवर धरतात त्या पिना. बोल्टाच्या भोकाला खेळ असतो, पिन नसेल तर हाऊसिंग केसभर सरकून बसतं आणि इथे केसभर म्हणजे पुष्कळ झालं.

बुश बदलून हे राहिलं तर नवं बुशही भोंगाच होणार. आणि सुया असत्या तर आतापर्यंत तुकडे झाले असते. तिरकेपणा सुयांना अजिबात सोसत नाही, बुश बिचारं झिजत झिजत सोसतं.

घोडबंदरी
काका, तुम्ही ज्योतिषी आहात का? आत्ता फोन केला. मिस्त्रीने टॉर्च मारून पाहिलं. दोनपैकी एक पिन नाहीच. भोक आहे, आत गंज आहे, पिन नाही. म्हणजे १५ वर्षं हे असंच फिरतंय.

निवृत्त_फोरमन
ज्योतिष नाही हो. मी स्वतः एकदा पिन विसरलो होतो. १९८७. साहेब अजून भेटले की विचारतात.

रबाळे_लेथ
आता बुशचं सांगतो, कारण १४.८६ ला दुकानातलं तयार १५ चं बुश ढिलं पडणार. भरीव करून घेऊ नका. सिंटर ब्राँझचं कोरं बुश घ्या, आतून १४ आणि बाहेरून जाड. मुंबईत नागदेवीच्या बाजारात नक्की मिळतं, आमच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातही एक-दोन दुकानांत असतं. बाहेरून लेथवर भोकाच्या मापाला आणा, मिलिमीटरचे दोन-तीन शतांश जास्त ठेवून, म्हणजे दाबून बसेल.

आतून काम करताना नवी, धारदार कार्बाइड टिप, शेवटचा कट अगदी हलका. बोथट टिप धातू कापत नाही, लिंपते, आणि छिद्रं बंद. सारवल्यासारखं चकचकीत दिसलं तर समजा बिघडवलंत. बुश भोकात ठोकलं की आतूनही आवळतं, बाहेरून जेवढं जास्त ठेवलंय जवळपास तेवढंच. ते धरूनच आतलं माप काढा. शेवटी बसल्यावर टोकाभोवती पाच ते आठ शतांशाचा खेळ राहिला पाहिजे. म्हणजे १४.८६ ला १४.९२ च्या आसपास.

पण एक अडचण तुमच्या लक्षात आली का? टोक मुळाशी १४.९९ आहे. शाफ्ट आत जाताना तो जाड भाग बुशच्या तोंडात अडकायला नको. बुशची लांबी बघून घ्या, नाहीतर तोंडाला चांगला चँफर (उतरती कड) द्या.

मग एसएई ३० तेल कोमट करून त्यात बुश रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी नुसतं पुसा, पेट्रोलने धुऊ नका. धुतलं तर रात्र फुकट. ठोकताना थेट हातोडा नाही, आतल्या व्यासाची पायरी असलेला ड्रिफ्ट (ठोकायची दांडी) करून घ्या. तो मी करून देतो, पैसे नकोत, मामांचा मायक्रोमीटर बघायला द्या.

खारेगाव_पूल
टोकावरच्या रेषांचं काय?

रबाळे_लेथ
बारीक एमरीने, तेल लावून, गोल गोल, रेषांची धार जाईपर्यंत. रेषा घालवायला बसू नका, व्यास अजून कमी होईल. नुसती बोटाला टोचली नाही पाहिजे.

तुर्भे_स्टोअर
मी पहिल्याच दिवशी “रोलर” म्हणालो होतो. मागे घेतो. पण पिन सापडली ती मी वाद लावला म्हणून, हे कुणीतरी मान्य करा.

उगाच_एक
मान्य. तुर्भेंना एक लादीपाव.

घोडबंदरी
दोन आठवड्यांनी लिहितोय, माफी. झालं सगळं.

बुश रबाळेभाऊंकडे झालं. नागदेवीला मामा आणि मी लोकलने गेलो. मामाने तीन दुकानांत चुंबक लावून दाखवला, दोन दुकानदार चिडले, तिसऱ्याने चहा दिला. बुश तिथूनच घेतलं. अंगठ्याची परीक्षा मामाने दुकानात केली नाही, घरी मामीच्या ओट्यावर केली. घाम आला. बुशलाही.

जुनं बुश पावाने काढलं. आजोबा, तुमचं नाव घेऊन पहिला पाव ठासला. दांडी ढिली होती, पहिल्या दोन फेऱ्या सगळा पाव मिस्त्रीच्या शर्टावर. मग रबाळेभाऊंनी बरोबर मापाची दांडी दिली आणि चौथ्या फेरीत बुश बाहेर. गॅरेजातलं कुत्रं हल्ली मिस्त्रीच्या मागे फिरतं.

डॉवेल पिन नवीन बसवली. मग डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं यंत्र) फ्लायव्हीलला लावून, फिरवून हाऊसिंगचं भोक बघितलं, पिन बसल्यावर काटा बराच शांत झाला. आधी किती होता ते मामाने वहीत लिहून ठेवलंय, पण मला बघू देत नाही, म्हणतो तुझ्या बापाला वाईट वाटेल.

गाडी आता लोण्यासारखी. माजिवड्याला पहिला एका बोटाने पडतो. रिव्हर्सला आवाज नाही. सोसायटीतल्या लोकांना गाडी आली-गेली कळतच नाही.

एकच शंका. गाडी उभी, न्यूट्रल, क्लचवर पाय नाही, तेव्हा एक बारीक कुईं आवाज येतो. क्लच दाबला की जातो. हे नव्या बुशचं का?

नेरूळकरीण
नाही. बुशचं असतं तर उलट झालं असतं. गिअर टाकून क्लच पूर्ण दाबून उभं राहिलात की क्रँक फिरतो आणि शाफ्ट थांबलेला, पायलटमध्ये सगळ्यात जास्त घासाघीस तेव्हा. पायलटचा आवाज तिथे येतो. क्लचवर पाय नुसता टेकवला की सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. तुमचा आवाज क्लच सोडल्यावर येतो आणि दाबल्यावर जातो, म्हणजे शाफ्ट फिरताना येतो, थांबल्यावर नाही. गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग, इनपुट शाफ्ट ज्याच्यावर फिरतो ते. १५ वर्षं शाफ्ट तिरका फिरलाय, त्याची किंमत त्याने मोजली.

कळंबोली_टेम्पो
ते लगेच जात नाही. आवाज वाढतोय का बघत राहा, तेल बघा. गणपती होऊ दे.

निवृत्त_फोरमन
पण दिवाळीच्या पुढे नेऊ नका. ते गेलं की शाफ्ट डुलतो, आणि मग नवं बुशही त्याच्याबरोबर.

घोडबंदरी
काल रात्री चिपळूणहून परत आलो. जाताना माणगावला नेहमीसारखे अडीच तास, न्यूट्रल करून पाय काढून बसलो होतो, फोरमनकाका शपथ. परशुराम घाट सहज. मामा पुढच्या सीटवर बसला होता, स्वतःहून.

परत येताना पेणजवळ रांगेत उभे असताना त्याने कान टवकारला आणि म्हणाला, “हा कुईं कसला रे?”

मी क्लच दाबला आणि म्हटलं, “कुठे काय?”

आता पुढचा सिग्नल येईपर्यंत क्लच दाबून ठेवला तर बुश जातं आणि सोडला तर मामा ऐकतो. गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा नंबर कुणाकडे असेल तर द्या, दिवाळीआधी नागदेवीला जायचंय. या वेळी एकटाच जाणार आहे.